मुलांसाठी मोटारीतील सुरक्षित आसन : कायद्याची तरतूद आणि कमी खर्चाचे मार्ग

झाशी : श्रीनगर ते कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि पोरबंदर ते सिल्चर हा राष्ट्रीय महामार्ग २७ झाशीजवळ एकमेकांना मिळतात. मुंबईहून पंजाब मेलने किंवा अन्य गाड्यांनी येथे उतरणारी अनेक मराठी कुटुंबे पुढे ओरछा, दतिया किंवा खजुराहोला भाड्याच्या मोटारीने जातात. अशा प्रवासात पुढच्या आसनावर वडील किंवा आई आणि त्यांच्या मांडीवर मूल हे दृश्य नेहमीचे असते. मूल डोळ्यांसमोर राहते, त्याला समोरचा रस्ता दिसतो आणि ते रडत नाही, हे त्यामागचे कारण. मात्र मोटारीत मुलासाठी सर्वांत धोक्याची जागा हीच आहे आणि १ सप्टेंबर २०१९ पासून असा प्रवास दंडनीय अपराधही आहे.

मुलांसाठीच्या खास आसनाचा वापर भारतात अजून मर्यादित आहे. किंमत हे त्याचे एक कारण, तर कायद्याविषयीची संदिग्धता हे दुसरे. कायदा नेमका काय मागतो, शास्त्र काय सांगते आणि बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबाला त्यातील काय साधता येते, हे तीन प्रश्न वेगवेगळे आहेत. त्यांची उत्तरेही स्वतंत्रपणे पाहावी लागतात.

कायद्यातील तरतूद

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली मोठी दुरुस्ती करण्यात आली. त्या दुरुस्तीने कलम १९४ ब समाविष्ट झाले. त्याच्या पहिल्या उपकलमानुसार सीटबेल्ट न लावता वाहन चालवणाऱ्यास किंवा सीटबेल्ट न लावलेल्या प्रवाशांना नेणाऱ्यास एक हजार रुपये दंड होतो. दुसरे उपकलम केवळ मुलांविषयी आहे. चौदा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाला सीटबेल्टने किंवा मुलांसाठीच्या सुरक्षा आसनाने बांधलेले नसताना जो वाहन चालवील किंवा चालवू देईल, त्याला एक हजार रुपये दंडाची शिक्षा सांगितली आहे.

या तरतुदीतील तीन बाबी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली बाब अशी की, जबाबदारी मुलाची नाही. ती वाहन चालवणाऱ्याची आणि चालवू देणाऱ्याची आहे. दुसरी बाब अशी की, मुलांविषयीच्या उपकलमात मोटार घरची की भाड्याची, असा भेद केलेला नाही. तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. ‘सीटबेल्ट किंवा सुरक्षा आसन’ अशी शब्दरचना असल्यामुळे दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा लावला, तरी कायद्याच्या अक्षराचे पालन होते. त्या मुलाचे शरीर मात्र त्या पट्ट्याने सुरक्षित होत नाही. कायदा पाळणे आणि मूल सुरक्षित असणे यांत येथे अंतर राहते आणि ते भरून काढण्याचे काम पालकांवर येते.

मागील आसनावरील प्रौढांनाही सूट नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १३८ नुसार पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील प्रवाशांनी वाहन चालू असताना पट्टा लावणे बंधनकारक आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागील आसनावरील प्रवाशांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. त्यानंतर या जुन्याच नियमाची देशभर चर्चा झाली. मागे बसलेला मोठा माणूस मोकळा असेल, तर धडकेच्या वेळी तो शेजारच्या किंवा पुढच्या आसनावरील मुलावर आदळू शकतो. म्हणून मुलाच्या सुरक्षेचा हिशेब गाडीतील प्रत्येक पट्ट्यापासून सुरू होतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता आणि त्यांत ८,३३१ जण चालक नव्हे, तर प्रवासी होते. राज्यनिहाय मृत्यूंमध्ये २२,५९५ या संख्येसह उत्तर प्रदेश पहिल्या क्रमांकावर होता.

मांडी सुरक्षित का नाही

ताशी ५० किलोमीटर वेगाने चाललेली मोटार धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतील प्रत्येक शरीरावर त्याच्या वजनाच्या सरासरी चौदा पट जोर येतो. दहा किलोचे मूल त्या क्षणी सुमारे एकशे चाळीस किलोच्या ओझ्यासारखे हातातून ओढले जाते. हातांनी ते धरून ठेवणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. या वेगाची धडक म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजेच तिसऱ्या मजल्यावरून, पडण्यासारखी असते.

आईने मुलाला मांडीवर घेऊन एकच पट्टा दोघांभोवती लावला, तर धोका वाढतो. धडकेच्या वेळी आईच्या शरीराचा सगळा भार पुढे येतो आणि मूल तो भार व पट्टा यांच्यामध्ये चिरडले जाते. आईने पट्टा लावला आणि मूल मोकळेच राहिले, तर ते पुढच्या काचेवर किंवा डॅशबोर्डवर फेकले जाते.

पुढच्या आसनावर आणखी एक धोका असतो, तो एअरबॅगचा. नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून आणि चालकाशेजारच्या प्रवाशासाठी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. मोठ्यांचे प्राण वाचवणारी ही पिशवी डोळ्याची पापणी लवण्याच्या आत, ताशी दोनशे किलोमीटरहून अधिक वेगाने फुगते. मांडीवरील मुलाचे डोके नेमके तिच्या मार्गात असते. त्याचप्रमाणे मागे तोंड करून बसवण्याचे तान्ह्या बाळाचे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये. म्हणजे मोटार जितकी नवी, तितके मुलाने पुढे न बसणे अधिक गरजेचे झाले आहे.

मोठ्यांचा पट्टा लहानांना का चालत नाही, याचे कारण शरीररचनेत आहे. नवजात बाळाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते आणि मानेचे स्नायू व मणके कोवळे असतात. पुढे तोंड करून बसवल्यास धडकेत सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड करून बसवल्यास तोच जोर आसनाच्या पाठीवर, म्हणजे बाळाचे डोके, मान आणि पाठ यांवर समान विभागला जातो. थोड्या मोठ्या मुलाच्या बाबतीत अडचण पट्ट्याच्या जागेची असते. पट्टा कमरेच्या हाडावर आणि खांद्याच्या मधोमध यायला हवा. मूल बुटके असल्यास तो पोटावर आणि गळ्यावर येतो. अशा वेळी अपघातात पट्ट्यानेच आतील अवयवांना इजा होऊ शकते.

योग्य आसन योग्य रीतीने वापरल्यास तान्ह्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीपत्रकांत नमूद आहे.

कोणत्या वयाला कोणते आसन

भारतात मुलांच्या आसनांसाठी ‘एआयएस-०७२’ हे मानक आहे. ते संयुक्त राष्ट्रांच्या ‘आर-४४’ या नियमाशी मिळतेजुळते आहे. त्यात मुलाच्या वजनानुसार गट केलेले आहेत. दहा किलोपर्यंत गट ०, तेरा किलोपर्यंत गट ०+, नऊ ते अठरा किलो गट १, पंधरा ते पंचवीस किलो गट २ आणि बावीस ते छत्तीस किलो गट ३. ‘आर-१२९’ हा नंतरचा नियम मुलाच्या उंचीवर आधारलेला असून त्यानुसार पंधरा महिने पूर्ण होईपर्यंत मागे तोंड करूनच बसवणे आवश्यक मानले जाते. खोक्यावर किंवा आसनाच्या पाठीमागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर यांपैकी एखाद्या मानकाचा उल्लेख आणि मंजुरी क्रमांक असतो. तो नसलेले, केवळ गादी आणि पट्टे असलेले स्वस्त आसन घेऊ नये.

व्यवहारात तीन टप्पे लक्षात ठेवले तरी पुरते. तान्हेपणी मागे तोंड असलेले आसन वापरावे आणि मूल त्याच्या मर्यादेत बसते तोवर तेच ठेवावे. त्यानंतर पाच ठिकाणी बांधणारे पट्टे असलेले, पुढे तोंडाचे आसन घ्यावे. सुमारे पंधरा किलो वजनानंतर बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करून मोटारीचाच पट्टा योग्य जागी आणणारे आसन वापरता येते. मूल चार वर्षांचे होईपर्यंत पाच पट्ट्यांचे आसन ठेवणे अधिक बरे. मुलाची उंची १४५ ते १५० सेंटिमीटर झाली, पाठ टेकून बसल्यावर गुडघे आसनाच्या कडेला वाकू लागले आणि पट्टा गळ्याला न लागता खांद्यावर आला, की केवळ सीटबेल्ट पुरेसा होतो.

विनाखर्च करण्यासारख्या गोष्टी

सुरक्षेची पहिली पायरी फुकट आहे. मुलाला मागील आसनावर बसवणे, प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा लावणे आणि वेग कमी ठेवणे यांसाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही. अनेक मोटारींत, विशेषतः भाड्याच्या मोटारींत, मागील पट्ट्यांची कुलपे सीटकव्हरखाली दडपलेली असतात. मोटार ठरवतानाच मागचे पट्टे चालू स्थितीत हवेत असे सांगावे आणि सामान चढवण्यापूर्वी ते ओढून पाहावेत. तीन-चार वर्षांच्या मुलाला आसनाशिवाय केवळ सीटबेल्ट लावणे आदर्श नाही. परंतु मोकळे सोडण्यापेक्षा किंवा मांडीवर घेण्यापेक्षा ते निश्चितच बरे. अशा वेळी खांद्यावरचा पट्टा मुलाच्या काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नये. खाली उशी देऊन मुलाला उंच करण्याचाही मोह टाळावा. धडकेत उशी दबते, सरकते आणि मूल पट्ट्याखालून निसटते.

कमी खर्चात आसन मिळवणे

बाजारात मुलांची आसने काही हजार रुपयांपासून चाळीस-पन्नास हजारांपर्यंत मिळतात. एक हजार रुपयांचा दंड आणि कित्येक पट किमतीचे आसन यांची तुलना करून पुष्कळ पालक आसनाचा विचार सोडून देतात. हा पेच सरकारांपुढेही आला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केरळच्या परिवहन विभागाने मुलांसाठी वयानुसार आसने आणि बूस्टर सक्तीचे करून डिसेंबरपासून दंड आकारण्याचे जाहीर केले. मात्र लगेचच परिवहनमंत्र्यांनी दंडात्मक कारवाई होणार नसल्याचे स्पष्ट केले.

खर्च कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे अनेक गटांसाठी चालणारे आसन घेणे. गट ०+, १ आणि २ यांना चालणारे एकच आसन जन्मापासून सहा-सात वर्षांपर्यंत पुरू शकते. महागड्या आसनाची सुरक्षा आपोआप अधिक असते, असे नाही. मानकाची मंजुरी, मुलाच्या वजनाशी मेळ आणि आपल्या मोटारीत घट्ट बसणे या तीन कसोट्या किमतीपेक्षा महत्त्वाच्या आहेत. विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला ते मोटारीत लावून दाखवण्यास सांगावे. मोठ्या मुलासाठी बूस्टर हा सर्वांत स्वस्त पर्याय असून तो हलका असल्याने रेल्वेप्रवासातही सोबत नेता येतो. मोठ्या शहरांत मुलांच्या वस्तू भाड्याने देणाऱ्या सेवा आहेत. वर्षातून एकदाच मोटारीने लांब जाणाऱ्या कुटुंबाला आसन भाड्याने घेणे परवडते.

दुसरा मार्ग उसनवारीचा. पाळणा, दुपटी, बाबागाडी या वस्तू मराठी घरांत एका भावंडाकडून दुसऱ्याकडे सहज जातात. आसनही असे फिरवता येते, परंतु त्याचा इतिहास माहीत असायला हवा. मोठ्या अपघातात सापडलेले आसन वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये, कारण कवचातील सूक्ष्म तडे दिसत नाहीत. आसनावर उत्पादनाची तारीख असते. प्लास्टिक उन्हाने कमकुवत होत असल्याने बहुतेक उत्पादक सहा ते दहा वर्षांची मुदत देतात. पट्टे उसवलेले नाहीत, कुलूप ‘खट्ट’ आवाज करून बसते आणि एका दाबाने सुटते, चिठ्ठी व माहितीपुस्तिका शाबूत आहे, एवढे पाहूनच आसन घ्यावे. अनोळखी विक्रेत्याकडील जुन्या आसनाबाबत ही खात्री होत नाही.

परदेशातील नातलगांनी दिलेले आसन हा अनेक मराठी कुटुंबांपुढचा तिसरा पर्याय. अमेरिकेत टेनेसी राज्याने १९७७ मध्ये याविषयीचा पहिला कायदा केला आणि १९८५ पर्यंत सर्व राज्यांत असे कायदे झाले. तेथे अल्प उत्पन्न कुटुंबांना आरोग्य विभाग आणि स्वयंसेवी संस्थांमार्फत मोफत किंवा सवलतीत आसने दिली जातात. प्रशिक्षित तंत्रज्ञ ती मोटारीत नीट बसली आहेत का, हे विनामूल्य तपासून देतात. अशा ठिकाणी राहून परतणारी कुटुंबे आसन सोबत आणतात. मात्र अमेरिकी आसने तेथील मोटारींच्या लॉक होणाऱ्या पट्ट्यांना अनुसरून बनवलेली असतात. भारतीय मोटारींच्या पट्ट्यांत तशी सोय सहसा नसते. म्हणून मोटारीत आयसोफिक्स अँकर असतील किंवा आसनातच पट्टा आवळून धरणारी कळ असेल, तरच ते आसन येथे घट्ट बसते.

बसवताना होणाऱ्या चुका

चांगले आसन चुकीच्या रीतीने बसवल्यास त्याचा उपयोग कमी होतो. पट्टा जेथून आसनात शिरतो तेथे धरून हलवले असता आसन अडीच सेंटिमीटरपेक्षा अधिक सरकता कामा नये. मुलाच्या खांद्यावरील पट्टा चिमटीत पकडता येत असेल, तर तो सैल आहे. मागे तोंडाच्या आसनात खांद्याचे पट्टे मुलाच्या खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली, तर पुढे तोंडाच्या आसनात खांद्यांच्या पातळीवर किंवा किंचित वर असावेत. तान्ह्याचे डोके छातीवर झुकणार नाही, इतके आसन कललेले असावे.

बुंदेलखंडातील हवामानही येथे विचारात घ्यावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जाड स्वेटर किंवा जाकिटावरून बांधलेला पट्टा घट्ट वाटला, तरी धडकेत कापड दबून तो सैल पडतो. म्हणून आधी पट्टे बांधावेत आणि वरून पांघरूण घालावे. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा उभ्या मोटारीतील धातूची कुलपे चटका देण्याइतकी तापतात. आसनावर पांढरे कापड टाकून ठेवावे, मुलाला बसवण्यापूर्वी कुलपाला हात लावून पाहावा आणि क्षणभरासाठीही मुलाला बंद मोटारीत एकटे सोडू नये.

दुचाकीवरील मुले

ज्या कुटुंबाकडे मोटारच नाही, त्याच्यासाठी वेगळे नियम आहेत. कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालील मुलांसाठी केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी अधिसूचना काढली आणि एका वर्षाने ती लागू झाली. तिच्यानुसार मुलाला सुरक्षा पट्ट्याने चालकाशी जोडणे आवश्यक आहे. हा पट्टा हलका, जलरोधक, कमी-अधिक करता येणारा आणि तीस किलोपर्यंत वजन पेलणारा असावा. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला मापाचे हेल्मेट हवे आणि अशा वेळी दुचाकीचा वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा.

पाठीशी बांधलेल्या दत्तक पुत्रासह घोड्यावर स्वार झालेली राणी लक्ष्मीबाई ही लोकस्मरणातील प्रतिमा झाशीत आणि महाराष्ट्रातही पुतळ्यांतून घरोघरी पोहोचली आहे. दुचाकीविषयीचा नियम त्याच तत्त्वावर उभा आहे. मूल स्वाराशी घट्ट बांधलेले असावे. मोटारीत मात्र तत्त्व उलटे आहे. तेथे मूल कोणाच्या शरीराशी नव्हे, तर वाहनाशी बांधलेले असावे लागते.

दुचाकीवर चालकाखेरीज एकाच व्यक्तीला नेण्याची मुभा कलम १२८ देते आणि त्यात लहान मुलांचा अपवाद नमूद नाही. आई-वडील आणि मूल असा तिघांचा प्रवास त्यामुळे नियमात बसत नाही.

मोटार निवडताना

नवी मोटार घेणाऱ्यांना भारत एनकॅप या मूल्यांकनाचा उपयोग होतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या कार्यक्रमात साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींची चाचणी होते. प्रौढांच्या सुरक्षेसाठी ३२ आणि मुलांच्या सुरक्षेसाठी ४९ गुणांपैकी स्वतंत्र गुण दिले जातात. मुलांच्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या आसनांत बसवून धडक घेतली जाते. त्यामुळे जाहिरातीतील तारे पाहताना ते प्रौढांसाठीचे आहेत की मुलांसाठीचे, हे विचारावे.

आसन मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. झाशी स्थानकाबाहेर ठरवलेल्या मोटारीत असो वा घरच्या, मुलाला मांडीवरून उचलून मागील आसनावर बसवणे आणि त्याला त्याचा स्वतःचा पट्टा लावणे हे आजच्या प्रवासातही करता येते. त्यानंतर जमेल तेव्हा, उसने, भाड्याने किंवा विकत, त्याच्या वजनाला आणि उंचीला साजेसे आसन आणावे.